डाव कधी सोडायचा?



या वेळचा लेख द्यायला मला उशीर झाला. विषय डोक्यात होता, पण तो लिहायचा म्हणजे स्वतःची एक चूक सांगावी लागणार होती, म्हणून रोज उद्यावर ढकलत होते. आज सांगून टाकते.

2024 ची गुरुपौर्णिमा 21 जुलैला, रविवारी आली होती. आपल्याकडे नेहमीप्रमाणे महाप्रसाद, साधारण चारशे पानं. गव्हाची हुग्गी माझ्याकडे. एकोणीस वर्षं ती माझ्याकडेच होती. पुण्या-मुंबईच्या ग्रुपमधल्यांना हुग्गी माहीत नसेल, म्हणून सांगते. कांडलेला गहू मऊ शिजवायचा, त्यात गूळ घालायचा, वर वेलदोडा, खसखस, सुकं खोबरं. आमच्या हुबळी-धारवाडकडे सणाला, कार्याला ही हवीच. गूळ पडला की ती दाटत जाते आणि तळाला बसायला लागते. तेव्हा लांब दांड्याचा डाव घेऊन सतत हलवावी लागते. हात थांबला की लागलीच समजा.

माझा उजवा खांदा तेव्हा दोन वर्षं दुखत होता. डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डर सांगितलं होतं. घरात मी कुणाला फारसं कळू दिलं नव्हतं, आणि सेवेच्या ठिकाणी तर अजिबातच नाही. त्या दिवशी आमच्यातलीच एक सून जवळ येऊन म्हणाली, "काकू, द्या ना डाव माझ्याकडे. तुम्ही खुर्चीवर बसा, नुसतं सांगा."

मी म्हटलं, "अगं, इतकी काही म्हातारी झाले नाही मी."

ती गप्प झाली. पुढच्या अर्ध्या तासात माझा हात दोन-तीनदा थांबला, आणि हुग्गी तळाला लागली. वास सगळ्या हॉलभर. बायका धावत आल्या, काय झालं, काय झालं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हिनं आच मोठी ठेवली होती."

आच मी सांगितली तेवढीच होती. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि वरची हुग्गी दुसऱ्या पातेल्यात काढायला लागली. एक शब्द बोलली नाही.

रात्री घरी आले ती रागातच. राग कुणावर, ते मलाही धड सांगता आलं नसतं. यजमानांना म्हटलं, "पुढच्या वर्षीपासून मी जाणारच नाही. करू देत त्यांचं त्या."

योगायोग बघा. धाकटा मुलगा बेंगळुरूहून आला होता. त्याला सायकलचं वेड. रोज पहाटे चाळीस-पन्नास किलोमीटर मारतो. तो फोनवर फ्रान्समधली सायकल शर्यत बघत बसला होता. मी चिडून म्हटलं, "अरे, ती सायकल बंद कर आणि जेव." तो म्हणाला, "आई, पाच मिनिटं थांब. हा माणूस आज शेवटचा येतोय. परत कधी दिसायचा नाही या शर्यतीत."

तो माणूस म्हणजे ब्रिटनचा मार्क कॅव्हेंडिश. वय 39.

मला सायकलमधलं ओ की ठो कळत नाही. पण मुलानं त्या रात्री जे सांगितलं, आणि नंतर मी खोदून खोदून विचारलं, त्यावर गेलं वर्षभर मी विचार करत आले आहे. म्हणून तुम्हालाही सांगते.

टूर द फ्रान्स ही शर्यत तीन आठवडे चालते. एकवीस टप्पे, एकूण साधारण साडेतीन हजार किलोमीटर. कुणी डोंगर चढण्यात तरबेज असतो, कुणी लांब पल्ल्यात. कॅव्हेंडिश हा स्प्रिंटर. सपाट रस्त्याच्या टप्प्यात दिवसभर सगळे एकत्र येतात आणि शेवटच्या दोन-तीनशे मीटरमध्ये जीव तोडून सायकल पळवतात. वेग तासाला सत्तर किलोमीटरच्या घरात. खांद्याला खांदा घासतो, चाक चाकाला लागलं तर हाडं मोडतात. हे काम तरुणांचं. तिशीनंतर पाय तितके झटकन उसळत नाहीत.

याने 2008 साली या शर्यतीतला पहिला टप्पा जिंकला. 2016 पर्यंत तीस झाले. मग आजारपण आलं. विषाणूचा आजार, अंगात ताकद नाही, पाठोपाठ मनाचं नैराश्य. 2020 च्या शेवटी एका शर्यतीनंतर कॅमेऱ्यापुढे रडला, म्हणाला की ही कदाचित माझी शेवटची शर्यत असेल. पुढच्या वर्षासाठी संघ मिळणंही अवघड झालं होतं. अखेर एका जुन्या संघानं ठेवून घेतलं, आणि 2021 च्या टूरला दुसऱ्या एका खेळाडूचा गुडघा दुखावला म्हणून ऐनवेळी याला जागा मिळाली. त्यात याने चार टप्पे जिंकले. एकूण 34. म्हणजे एडी मर्क्स या बेल्जियमच्या महान सायकलपटूच्या विक्रमाची बरोबरी.

आता राहिला एक. फक्त एक.

2022 ला संघानं टूरला नेलंच नाही. 2023 च्या मे महिन्यात त्याने जाहीर केलं, या वर्षाअखेर मी थांबतो. जुलैत टूरला गेला, एका टप्प्यात दुसरा आला, आणि दुसऱ्याच दिवशी पडून गळपट्टीचं हाड मोडलं. सगळ्यांना वाटलं, संपलं. त्याने निर्णय फिरवला. आणखी एक वर्ष.

2024 च्या टूरचा पहिलाच दिवस, 29 जून. इटलीत उकाडा, चढाचा रस्ता. हा मागे पडला, उलट्या व्हायला लागल्या. दिवसाला वेळेची मर्यादा असते, ती चुकली तर शर्यतीबाहेर. संघातले सोबती त्याच्यासाठी मागे थांबले आणि त्याला घेऊन कसेबसे वेळेत पोचले. चार दिवसांनी, 3 जुलैला, सँ-व्युल्बा नावाच्या गावात त्याने पस्तिसावा टप्पा जिंकला.

मी मुलाला म्हटलं, "मग आज रडायला काय झालं? जिंकला की."

तो म्हणाला, "जिंकला, पण बघ ना, एकूण यादीत तो जवळजवळ शेवटचा आहे. डोंगरांनी पिळून काढलाय. आता परत येणार नाही तो." त्याच वर्षी नोव्हेंबरात सिंगापूरला एक शर्यत खेळून तो कायमचा थांबला.

झोपताना मला दोन गोष्टी एकत्र आठवत राहिल्या. त्याची सायकल आणि माझा डाव. आपल्या भाषेत गंमत आहे बघा. स्वयंपाकातला तोही डाव, आणि खेळातला तोही डाव.

प्रश्न असा. हा माणूस एका आकड्यासाठी इतकी वर्षं अडून राहिला, याला आसक्ती म्हणायचं की निष्ठा? आपण सत्संगात सारखं ऐकतो, फळाची आशा धरू नये. मग चौतीस झाल्यावर पस्तिसाव्यासाठी हाड मोडून घेणं हे काय आहे?

आपल्याकडचीच उदाहरणं घेते. मार्च 1987. मी धारवाडला पी.यू.सी.ला होते. बेंगळुरूला पाकिस्तानविरुद्ध कसोटी चालली होती आणि आमच्या वाड्यात ट्रान्झिस्टरभोवती सगळे जमले होते. खेळपट्टीवर चेंडू हातभर वळत होता आणि सुनील गावसकर एकटे उभे होते. 96 धावा काढून बाद झाले. भारत 16 धावांनी हरला. त्यानंतर गावसकर कसोटी खेळले नाहीत. वय सदतीस. इतकी सुंदर खेळी खेळणारा माणूस थांबतो कसा, हे तेव्हा मला कळलंच नव्हतं. माझे वडील म्हणाले होते, लोक अजून मागतायत तेव्हाच उठावं पानावरून.

सचिन तेंडुलकरचं वेगळं. त्याचं नव्व्याण्णवावं शतक 12 मार्च 2011 ला नागपुरात झालं. शंभरावं झालं 16 मार्च 2012 ला, मीरपूरला. मध्ये एक वर्ष आणि चार दिवस. त्या वर्षात तो मैदानात उतरला की घराघरांत एकच प्रश्न, आज होणार का? अखेर 114 धावा काढल्या आणि तो सामना भारत बांगलादेशकडून हरला. काही जण म्हणाले, शतकासाठी संथ खेळला. काही म्हणाले, अहो, इतकी वर्षं दिली त्यानं, एवढं तर होऊ द्या. आमच्या घरातच दोन तट पडले होते. पुढे नोव्हेंबर 2013 मध्ये वानखेडेवर त्यानं निरोप घेतला, तेव्हा दोन्ही तटांचे डोळे ओले होते.

कोण बरोबर? मला वाटतं, बाहेरून सांगता येत नाही. गावसकरांसारखं वेळेवर उठणारा मनातून अहंकारानं उठलेला असू शकतो, आणि वर्षभर अडून राहिलेला मनातून शुद्ध असू शकतो. थांबला की चांगला, चिकटला की वाईट, असा हिशेब सोपा आहे, पण खरा नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत, आपण सगळ्यांनी वाचलेत. मोहानं आपलं कर्म टाकून देणं हा तामस त्याग. शरीराला त्रास होईल या भीतीनं सोडणं हा राजस. आणि सात्त्विक त्यागात कर्म सुटतच नाही. कर्म चालू राहतं, त्यातलं "माझं" सुटतं. मी हा भाग कितीतरी वेळा वाचला असेल, पण त्या रात्री पहिल्यांदा अंगावर आला. "पुढच्या वर्षी मी जाणारच नाही" असं मी यजमानांना म्हटलं होतं, त्याला मी मनात वैराग्य समजत होते. तो रुसवा होता. वैराग्य घरी येऊन भांडी आपटत नाही.

मग सात्त्विक त्याग दिसतो कसा? याचं उत्तर मला त्या सायकलवाल्यांनीच दिलं, पण कॅव्हेंडिशनं नाही. त्याच्या पुढच्या माणसानं दिलं.

स्प्रिंटर कधी एकटा जिंकत नाही. शेवटच्या काही किलोमीटरमध्ये त्याच्याच संघातले सोबती एकामागे एक त्याच्या पुढे रांग लावतात. पुढचा माणूस वारा अंगावर घेतो. मागच्याचे कष्ट त्यामुळे कितीतरी वाचतात. पुढच्याचा दम संपला की तो बाजूला होतो, मग दुसरा पुढे. असं करत सगळ्यात शेवटचा सोबती रेषेच्या थोडं अलीकडे बाजूला होतो आणि स्प्रिंटर सुटतो. याला लीड-आउट म्हणतात. त्या शेवटच्या माणसाची कला म्हणजे नेमकं कधी बाजूला व्हायचं. लवकर झाला तर मागचा वाऱ्यात उघडा पडतो. उशीर केला तर मागच्याची वाट अडते.

कॅव्हेंडिशसाठी हे काम करणारा एक डेन्मार्कचा खेळाडू होता, मिकेल मोर्कोव. 2021 ला चौतिसावा टप्पा कार्कासोनला जिंकला तेव्हा दुसरा क्रमांक या मोर्कोवचाच होता. म्हणजे स्वतः जिंकण्याइतकं बळ पायांत होतं, तरी काम दुसऱ्याला पुढे सोडायचं. 2024 मध्ये पस्तिसाव्यासाठीही तो याच संघात आला. वयाने दोघे सारखेच, 39. आणि त्याच्याही आधी कित्येक वर्षं हे काम करणारा ऑस्ट्रेलियाचा मार्क रेनशॉ, तो 2019 ला निवृत्त झाला होता, तो या वेळी संघाच्या गाडीत बसून रस्ता सांगायला आला.

मला एकदम वानप्रस्थ आठवला. आपण वानप्रस्थ म्हणजे घर सोडून जाणं असं धरतो. पण आश्रमांच्या क्रमात संन्यास त्याच्याही पुढे आहे. मधला हा टप्पा कशाला ठेवलाय? किल्ल्या द्यायच्या, पण पाठ फिरवायची नाही. मागून येणाऱ्याचा वारा थोडा वेळ आपण अंगावर घ्यायचा, आणि मग बाजूला व्हायचं. मोर्कोव करायचा तेच.

हे बघायला फ्रान्सला जायची गरज नाही. आपल्या हुबळीच्या गंगूबाई हनगल आठवा. तरुणपणी त्यांचा आवाज बारीक, गोड होता. घशाच्या उपचारानंतर तो जाड, भरदार झाला. दुसरी एखादी रडत बसली असती. त्यांनी त्याच आवाजात गाणं उभं केलं आणि 2006 पर्यंत गायल्या, वयाच्या नव्वदीपलीकडे. पण त्यांच्या मागे कित्येक वर्षं बसून गायची ती त्यांची मुलगी कृष्णा. आईचा श्वास पुरेना झाला की लेकीनं सूर धरायचा, आई परत आली की लेकीनं मागे सरकायचं. 2004 ला कृष्णाबाई आईच्या आधी गेल्या. आपण सगळे गंगूबाईंचं नाव घेतो. त्यांच्या मागच्या सुराचं नाव किती जण घेतात?

आता मला माझं उत्तर असं सापडलंय. डाव धरून ठेवणं वाईट नाही. कॅव्हेंडिशनं धरला आणि मला त्यात काही गैर वाटत नाही, कारण त्याने काही लपवलं नाही. उलट्या झाल्या त्या जगासमोर झाल्या. मागे पडला तेव्हा सोबत्यांचा आधार घेतला. आणि जिंकल्यावरही श्रेय संघाला दिलं. वाईट आहे ते दुखणारा खांदा लपवून डाव धरणं, आणि हुग्गी लागली की दोष मागच्या माणसावर टाकणं. आसक्ती कुठे सुरू होते ते मला तिथे दिसलं. काम धरून ठेवायला खोटं बोलावं लागलं, की समजावं, आता आपण काम धरलेलं नाही, आपली जागा धरली आहे.

तरी एक गोष्ट मनात खुपते, ती पण लिहिते. त्या पस्तिसाव्या टप्प्यासाठी अख्खा संघ एका माणसाभोवती बांधला होता. एखाद्या तरुणाची जागा त्यात गेली नसेल का? गेली असेल. मोठ्या माणसाचा शेवट सुंदर व्हावा म्हणून लहानांनी किती थांबायचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. आपल्या घरांत हा प्रश्न रोजचा आहे. सासूबाई अजून पुरणपोळी स्वतःच लाटतात, सून उभी राहून बघते. आजोबा दुकानाच्या गल्ल्यावर बसतात, मुलगा पन्नाशीचा झाला तरी हिशेब विचारून करतो. प्रेमापोटीच सगळं चालतं, आणि आत कुणीतरी वाट बघत असतं.

त्या सुनेकडे मी पंधरा दिवसांनी गेले. चहा झाल्यावर म्हटलं, "आच तू मोठी ठेवली नव्हतीस. माझा हात थांबला होता."

ती म्हणाली, "माहीत आहे हो काकू."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुम्हालाही माहीत होतं ना," ती म्हणाली. एवढंच. मला ते शब्द खांद्यापेक्षा जास्त लागले.

या वर्षी, 10 जुलै 2025 च्या गुरुपौर्णिमेला, डाव तिच्या हातात होता. मी शेजारी खुर्ची घेऊन बसले. वेलदोडे सोलले, खोबरं किसलं, गूळ कधी घालायचा, आच कधी कमी करायची, तळाचा आवाज बदलला की काय समजायचं, ते सांगितलं. दोनदा माझा हात आपोआप डावाकडे गेला आणि मी तो मांडीवर ठेवला. खरं सांगते, हुग्गी जराशी पातळ झाली होती. माझ्या जिभेवर आलं होतं, पण गिळलं. पंगतीत लोकांनी दोनदा मागून घेतली. पुढच्या वर्षी तिचं तिलाच कळेल.

आणि त्या दिवशी सगळ्या बायकांसमोर जे बोलले होते, ते आज सगळ्यांसमोरच परत घेते. आच तिनं मोठी ठेवली नव्हती. हे तिला विचारून, नाव न घालता लिहिलं आहे.

या आठवड्यात घरात सगळ्यांनी एकत्र बसून तीन प्रश्नांवर बोलावं, अशी विनंती. मोठ्यांनी आधी बोलावं, आणि लहानांनी मोकळेपणी.

एक. माझ्या हातात असा कुठला डाव आहे, जो धरून ठेवायला मला काहीतरी लपवावं लागतं?

दोन. माझ्या मागे कोण उभं आहे, आणि मी त्याचा वारा अडवतेय की त्याची वाट?

तीन. आजवर माझ्या मागे बसून सूर धरणारं कोण होतं, त्याचं नाव मी शेवटचं कधी घेतलं?

आपापले अनुभव ग्रुपवर जरूर टाका. मोठे असले तर रविवारच्या सत्संगात वाचून दाखवू.

आपली एक सेविका,
हुबळी